हरलेल्याशी दोन शब्द

विजयाला बोलके करावे लागत नाही. जिंकलेला खेळाडू मैदानाबाहेर पडतो तो बहुधा मित्रांच्या खांद्यावर बसूनच. गळ्यात हार, डोक्यावर फेटा, कपाळावर गुलाल. त्याला काही विचारण्यापूर्वीच तो सांगू लागतो, आणि त्याने न सांगितलेले त्याचे सोबती सांगतात. पराभवाची रीत निराळी. हरलेला खेळाडू खाली मान घालून गर्दीतून वाट काढतो आणि कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन बसतो. त्याच्याशी काय बोलावे हे लोकांना सुचत नाही आणि त्यालाही कोणाशी बोलावेसे वाटत नाही. तरीही एका माणसाला त्या कोपऱ्याकडे जावेच लागते. तो माणूस म्हणजे वृत्तपत्राचा क्रीडावार्ताहर. हातातील वही आणि मनातील प्रश्न घेऊन तो जेव्हा हरलेल्या खेळाडूसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या कलेची आणि त्याच्या माणुसकीची एकाच वेळी परीक्षा होते.

ही परीक्षा मोठ्या शहरांतील भव्य क्रीडागारांतच होते असे नाही. सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात सांगोला तालुका आहे. माणदेशाचा हा पूर्वेकडील प्रदेश. पाऊस बेताचा, माळरान पुष्कळ. तरी माण नदीच्या काठाने आणि विहिरींच्या आधाराने येथील शेतकरी ज्वारी-बाजरी पिकवितो आणि डाळिंबाच्या बागा फुलवितो. या भागात गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात आणि यात्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचे मैदान होते. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग हळूहळू इनामाची रक्कम वाढत जाते आणि सायंकाळच्या सुमारास नावाजलेल्या मल्लांची जोड मैदानात उतरते. हलगी कडाडू लागते, शड्डू घुमतात, आणि हजारो डोळे त्या तांबड्या मातीवर खिळून राहतात. काही मिनिटांत एक मल्ल आकाशाकडे हात उंचावतो, आणि दुसऱ्याच्या पाठीला माती लागलेली असते.

ती माती पाठीवरून धुतली जाते. परंतु तिच्यामागचे कष्ट कोणास दिसत नाहीत. पहाटे उठून काढलेल्या जोर-बैठका, दूध-तूप-बदामांचा खुराक, आणि त्या खुराकासाठी घरच्यांनी मारलेली पोटाची चिमट हे सारे त्या पराभूत मल्लाच्या मनात एकाच वेळी दाटून येते. घरी वाट पाहणाऱ्या वडिलांना काय सांगावे, हा प्रश्न त्याला पडलेला असतो. नेमक्या अशा घटकेला वार्ताहर त्याच्यापाशी येतो.

मग असा प्रश्न पडेल, की हरलेल्या माणसाला विचारावेच कशाला? निकाल तर सर्वांनी पाहिला आहे. जिंकणाऱ्याची मुलाखत छापावी आणि हरणाऱ्याला त्याच्या दुःखासह सोडून द्यावे, हेच दयाळूपणाचे नाही का?

वरवर पाहता हे खरे वाटते. पण थोडा विचार केला, तर हा दयाळूपणा अपुरा आहे असे दिसून येईल. झुंज दोघांची असते. म्हणून तिची हकीकतही दोघांकडून कळली तरच ती पूर्ण होते. विजेता आपला डाव कसा बसला ते सांगेल. परंतु तो डाव बसण्यास जागा कोठून मिळाली, हे पराभूतालाच ठाऊक असते. शिवाय हरलेला माणूस बोलला नाही म्हणजे त्याच्याविषयी कोणीच बोलत नाही असे होत नाही. चावडीवर, बाजारात, चहाच्या दुकानांत लोक बोलतच राहतात. कुस्तीत ठरवून केलेल्या खोट्या झुंजीला नुरा कुस्ती म्हणतात. एखादा नावाजलेला मल्ल अनपेक्षितपणे चीत झाला, की 'कुस्ती नुरा होती, त्याने पैसे घेतले' अशी कुजबुज सुरू होण्यास वेळ लागत नाही. कदाचित त्याचा खांदा दुखावलेला असेल, कदाचित त्याचा पाय मातीत घसरला असेल. पण त्याला कोणी विचारलेच नाही, तर ती कुजबुजच खरी ठरते. अशा वेळी वार्ताहराने विचारलेला प्रश्न म्हणजे हरलेल्याला आपली बाजू मांडण्यासाठी मिळालेली संधी होय. तेव्हा विचारणे हे निर्दयपणाचे नाही. कसे विचारावे, यातच सारे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. झुंजीच्या वेळी अ‍ॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. त्यामुळे हृदय जोराने धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठतात. पंचांनी निकाल दिला, की झुंज थांबते. परंतु शरीर त्याच क्षणी थांबत नाही. धावत सुटलेल्या बैलगाडीला कासरा ओढला तरी ती चार पावले पुढे जातेच. तसेच हे आहे. या अवस्थेत माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात, ते त्याच्या विचाराच्या पुढे धावतात. रागाच्या भरात तो पंचांना दोष देईल, प्रतिस्पर्ध्यास बोल लावील, किंवा 'आता पुन्हा मातीत पाय ठेवणार नाही' अशी प्रतिज्ञा करील. असे वाक्य उचलून छापणे सोपे असते. पण ते त्या मल्लाचे मत नसते, त्याच्या थकव्याचे बोल असतात. अमेरिकेतील काही व्यावसायिक संघांत सामना संपल्यावर काही मिनिटे जाऊ देऊन मगच वार्ताहरांना खेळाडूंच्या खोलीत प्रवेश मिळतो. गावच्या मैदानावर असा नियम नसतो. तेथे वार्ताहराच्या विवेकानेच त्या नियमाची जागा घ्यावयाची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे योग्य माणसाच्या अनुमतीने आणि योग्य जागी बोलणे. तालमीत वस्तादांचा शब्द प्रमाण असतो. म्हणून आधी त्यांच्या कानावर घालावे, आणि मग मल्लाला गर्दीपासून थोडे बाजूला घ्यावे. चारशे माणसांच्या घोळक्यात कोणीही मोकळेपणाने बोलत नाही. वार्ताहराने उभे राहून, मातीत बसलेल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत. त्यानेही त्याच्या शेजारी बसावे. या गोष्टी क्षुल्लक दिसतात; परंतु समोरचा माणूस आपला मान राखतो आहे की नाही, हे हरलेल्याला शब्दांआधी अशा वागण्यावरूनच कळते.

आता प्रश्न कसा असावा ते पाहू. सर्वांत वारंवार विचारला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी प्रश्न म्हणजे, 'हरल्यावर कसं वाटतंय?' कसे वाटते हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी त्याला आपल्या दुःखाचे प्रदर्शन मांडावे लागते, आणि वाचकाला त्यातून नवे काहीच कळत नाही. दुसरा वाईट प्रश्न म्हणजे, 'तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती, नाही का?' हा प्रश्न नसून आरोप आहे. केवळ त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे.

समजा, सांगोला तालुक्यातील एखाद्या यात्रेच्या मैदानात एक तरुण मल्ल हरला आहे आणि एक जाणता वार्ताहर त्याच्याशी बोलतो आहे. त्यांचे संभाषण साधारण असे होईल :

"पैलवान, आधी पाणी घ्या. घाई नाही. बोलावंसं वाटलं, तर बोलू."

मल्ल पाणी पितो. काही वेळ दोघेही गप्प राहतात. मग वार्ताहर म्हणतो, "सुरुवातीला पकड तुमची होती. मग तुम्ही पट काढायला गेलात. तिथं नेमकं काय झालं?"

"पट हातात आला होता. पण माझा उजवा पाय मागं राहिला. त्यानं वरनं दाब दिला आणि पाठीवर ताबा घेतला. घिस्सा मारला तवा सुटायला जागाच नव्हती."

"त्याआधी सुटता आलं असतं?"

"आलं असतं. पाय जवळ पाहिजे होता. वस्ताद रोज तेच सांगतात."

"आणि आता पुढं?"

"पुढं काय? उद्या पहाटे तालीम."

या संभाषणात 'दुःख' हा शब्द एकदाही आलेला नाही. वार्ताहराने मनाच्या जखमेविषयी विचारले नाही, कुस्तीविषयी विचारले. मल्लाला स्वतःच्या कलेविषयी बोलता आले आणि बोलता बोलता त्याचे चित्त स्थिर झाले. आपण कोठे चुकलो हे त्याने स्वतःच सांगितले. ते दुसऱ्याने त्याच्या तोंडावर फेकले नाही. वाचकालाही कुस्ती कशी फिरली ते समजले. आणि 'नुरा' म्हणणाऱ्या कुजबुजीला आपोआप उत्तर मिळाले. प्रश्न नेमका असला, की उत्तर प्रामाणिक येते.

परंतु असा नेमका प्रश्न सुचण्यासाठी खेळाचे ज्ञान लागते. पट म्हणजे काय आणि घिस्सा केव्हा मारता येतो, हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्यापाशी 'कसं वाटतंय' याखेरीज दुसरा प्रश्न असणार तरी कोठून? या संदर्भात खाशाबा जाधव यांचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे हे मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले आणि त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. नुसता क्रमांक पाहणारा म्हणेल, की ते हरले. पण ज्याला कुस्ती कळते त्याच्या ध्यानात येईल, की मातीवर घडलेला हा मल्ल गादीवरील कुस्तीस आणि तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांस नवखा होता. अशा वेळी 'तुम्ही का हरलात?' या प्रश्नाऐवजी 'गादीवर पाय रोवताना काय वेगळे जाणवले?' हा प्रश्न विचारावयास हवा. त्या प्रश्नाच्या उत्तरातच पुढच्या यशाची किल्ली असते. चारच वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळविलेले ते पहिले वैयक्तिक पदक होय.

कधी कधी मात्र हरलेला खेळाडू बोलूच शकत नाही. त्या मौनाचाही मान राखावा लागतो. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नई येथे भारत आणि पाकिस्तान यांच्यात कसोटी सामना झाला. विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. पाठीच्या तीव्र वेदना सोसून सचिन तेंडुलकर यांनी १३६ धावा काढल्या. पण ते बाद झाले तेव्हा १७ धावा उरल्या होत्या. उरलेले तीन गडी अवघ्या चार धावांत बाद झाले आणि भारत १२ धावांनी हरला. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून तेंडुलकरांचे नाव पुकारले गेले. परंतु ते पारितोषिक घेण्यास बाहेर आले नाहीत. आतील खोलीत त्यांना अश्रू आवरत नव्हते. त्याच वेळी चेन्नईच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी खेळाडूंना टाळ्यांची मानवंदना दिली. अशा प्रसंगी खेळाडूच्या तोंडचे एखादे वाक्य मिळावे म्हणून दाराशी धडका देण्याची गरज नसते. धावांचा आकडा, पाठीची वेदना, बंद दार आणि बाहेरच्या टाळ्या एवढे जरी वार्ताहराने जसेच्या तसे लिहिले, तरी वाचकाला सर्व काही कळते. आकड्यांना अनेकदा विशेषणांहून अधिक बोलता येते. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या एक शतांश भागाने हुकले. हे एवढे वाक्य वाचून ज्याच्या काळजाचा ठोका चुकत नाही, त्याला 'हृदयद्रावक', 'दुर्दैवी' अशा शब्दांनी तरी काय कळणार?

शब्दांप्रमाणे छायाचित्राचीही जबाबदारी असते. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत श्रीलंकेशी खेळत होता. एक गडी बाद ९८ अशा सुस्थितीतून भारताचा डाव आठ गडी बाद १२० असा कोसळला. संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या. खेळ थांबला आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. त्या वेळी विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर पडले. त्यांचे ते छायाचित्र देशभर गाजले आणि लोकांच्या कायमचे स्मरणात राहिले. मात्र ते पाहणाऱ्या कित्येकांना हे आठवत नाही, की कांबळी त्या सामन्यात बाद झालेच नव्हते. ते १० धावांवर नाबाद होते, आणि खेळ थांबला तो प्रेक्षकांच्या वर्तनामुळे. अश्रू दाखविणारे चित्र खोटे नव्हते. परंतु अश्रूंचे कारण न सांगणारे चित्र अपुरे असते. म्हणून चित्राखाली दोन ओळी लिहिणाऱ्याने कारण सांगितलेच पाहिजे. एरवी एका क्षणाचे रडू माणसाच्या साऱ्या कारकिर्दीवर शिक्क्यासारखे बसते.

हरलेला खेळाडू स्वतःहून पुढे येऊन बोलतो, तेव्हा त्याचे मोठेपण दिसून येते. सांगोल्यास लागून असलेल्या सांगली जिल्ह्यात वाढलेल्या स्मृती मानधना यांचे उदाहरण अलीकडचे आहे. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी इंदूर येथे महिलांच्या विश्वचषक सामन्यात इंग्लंडने भारतापुढे २८९ धावांचे लक्ष्य ठेवले होते. मानधना यांनी ८८ धावा काढल्या. विजय दृष्टिपथात असतानाच त्या बाद झाल्या, आणि भारताला अवघ्या चार धावा कमी पडल्या. सामन्यानंतर वार्ताहरांसमोर त्या स्वतः आल्या. घसरण आपल्यापासून सुरू झाली, फटका निवडण्यात आपली चूक झाली, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी दोष आपल्याकडे घेतला. इतरांकडे बोट दाखविले नाही. हे उत्तर जितके मोठ्या मनाचे, तितकेच ते वाचकांपर्यंत जसेच्या तसे पोहोचविणेही महत्त्वाचे. 'चूक माझी' हे शब्द घेऊन 'मानधनामुळे पराभव' असा मथळा करणे म्हणजे प्रामाणिकपणाला शिक्षा देणे होय. असे एकदा घडले, की पुढच्या वेळी कोणताही खेळाडू खरे बोलण्यास धजत नाही. दोनच आठवड्यांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय मिळवून भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात मानधना यांच्या ४५ धावा होत्या. इंदूरच्या रात्री त्यांच्यावर कायमचा दोषाचा शिक्का मारणाऱ्याला त्या दिवशी आपलेच शब्द गिळावे लागले असते.

मोठ्या स्पर्धांत वार्ताहरांशी बोलण्याचे काही नियम ठरलेले असतात. ऑलिंपिकमध्ये स्पर्धा संपली, की खेळाडूला एका ठरावीक मार्गिकेतून जावे लागते. कठड्याच्या पलीकडे निरनिराळ्या देशांचे वार्ताहर उभे असतात. टेनिसच्या मोठ्या स्पर्धांत तर वार्ताहर परिषदेस उपस्थित राहिले नाही, तर दंड होतो. २०२१ साली फ्रेंच स्पर्धेच्या वेळी जपानच्या नाओमी ओसाका यांनी आपल्या मनःस्वास्थ्यासाठी वार्ताहर परिषदेस जाण्याचे नाकारले. त्यांना १५,००० डॉलरांचा दंड झाला. आणि त्यानंतर त्यांनी त्या स्पर्धेतूनच माघार घेतली. दीर्घ काळ आपल्याला नैराश्याचा त्रास होत असल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा जगभर या विषयाची चर्चा झाली. खेळाडूचे शरीर दुखावले, तर वैद्याला बोलावतात. मन दुखावले असेल, तर त्यालाही विश्रांती लागते, ही गोष्ट तेव्हापासून अधिक लोकांच्या ध्यानात येऊ लागली. नियमाने खेळाडूला खुर्चीवर आणून बसविता येते. त्याच्याकडून मनापासूनचा शब्द मात्र विश्वासानेच मिळतो.

शाळकरी खेळाडूंच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुक्यात जिंकणारा संघ जिल्ह्याला, तेथून विभागाला आणि मग राज्य स्पर्धेला जातो. खो-खोच्या सामन्यात एका गुणाने हरलेली बारा वर्षांची मुलगी मैदानाच्या कडेला हुंदके देत असेल, तर तिच्यासमोर कॅमेरा धरणे योग्य नव्हे. तिच्याशी बोलावयाचे, तर तिचे शिक्षक किंवा पालक जवळ असावेत आणि त्यांची संमती असावी. 'बाळ, शेवटच्या पाळीत तू किती वेळ पळालीस!' एवढे जरी म्हटले, तरी तिच्या खेळाची दखल कोणी तरी घेतली, हे तिला कळते. तिला बोलावेसे वाटले नाही, तर बातमी तिच्या खेळावर लिहावी. अश्रूंवर लिहू नये.

तथापि सहृदयता म्हणजे सत्य झाकणे नव्हे. खेळाडूने पंचांवर हात उगारला, नियम मोडला, सराव टाळला, तर तेही वार्ताहराने विचारले पाहिजे आणि लिहिले पाहिजे. कठीण प्रश्न टाळणारा वार्ताहर खेळाडूचा मित्र नसतो, भाट असतो. फरक एवढाच, की कठीण प्रश्न कृतीविषयी असावा, माणसाच्या किमतीविषयी नसावा. 'तुम्ही त्या वेळी पंचांशी वाद का घातला?' हा प्रश्न कठीण असला, तरी न्याय्य आहे. 'तुम्हाला लाज वाटत नाही का?' हा प्रश्न सोपा असला, तरी अन्याय्य आहे. पहिल्याला उत्तर असते. दुसऱ्याला केवळ खाली मान असते.

मुलाखत संपली, तरी वार्ताहराचे काम संपत नाही. कारण अजून लिहावयाचे असते. कुस्तीच्या बातम्यांत 'धूळ चारली', 'लोळविले', 'नांगी टाकली' असे शब्द सहज येतात. जिंकणाऱ्याचा जोश त्यांतून दिसतो खरा. पण ज्याला 'धूळ चारली' त्याचे घरही तेच पत्र वाचते. 'अमुक मल्लाने घिस्सा डावावर विजय मिळविला. पराभूत मल्लाने आरंभी चांगली झुंज दिली' असे लिहिल्याने निकाल बदलत नाही, आणि सत्यही कमी होत नाही. खेळाडूचे शब्द अवतरणचिन्हांत घालताना ते त्याचेच असावेत. त्याने जे म्हटले नाही ते सुबक दिसते म्हणून त्याच्या तोंडी घालू नये. त्याने 'हे छापू नका' असे सांगून विश्वासाने काही सांगितले असेल आणि ते गुप्त ठेवण्याचे आपण कबूल केले असेल, तर तो शब्द पाळावा.

मराठीतील पहिले वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले आणि त्याचे नाव 'दर्पण' असे ठेवले. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. दर्पण म्हणजे आरसा. आरसा जे आहे ते दाखवितो; चेहरा उजळही करीत नाही आणि काळवंडूनही टाकीत नाही. हरलेल्या खेळाडूविषयी लिहिणाऱ्याने या नावाचा अर्थ विसरता कामा नये.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराला हा धडा इतरांपेक्षा लवकर मिळतो. मोठ्या शहरातील वार्ताहर ज्याच्याविषयी लिहितो, तो मनुष्य त्याला पुन्हा भेटेलच असे नाही. सांगोल्यासारख्या गावी मात्र कालचा पराभूत मल्ल उद्या डाळिंबाच्या बाजारात, एस. टी.च्या स्थानकावर किंवा पंढरपूरकडे जाणाऱ्या गाडीत समोर येऊन उभा राहतो. त्याने बातमी वाचलेली असते. त्याच्या वडिलांनी वाचलेली असते. कदाचित ते कात्रण कोणी तरी ट्रंकेत जपून ठेवलेले असते. त्या भेटीत त्याच्या डोळ्याला डोळा देता यावा, असे लिहावे, ही तालुक्याच्या वार्ताहराची सोपी आणि कठोर कसोटी आहे. जी बातमी लिहिणारा, ज्याच्याविषयी लिहिली त्याच्यासमोर मोठ्याने वाचू शकतो, ती बातमी बहुधा खरी असते आणि न्याय्यही असते.

वृत्तपत्रात लिहिण्याची वेळ प्रत्येकावर येत नाही. पण हरलेल्याशी बोलण्याची वेळ प्रत्येकावर येते. वर्गात कोणी तरी परीक्षेत मागे पडतो, संघातील कोणी तरी शेवटच्या क्षणी बाद होतो, घरात कोणाचे तरी पीक बुडते. अशा वेळी काही जण टोमणा मारतात, काही जण काहीच न बोलता दूर होतात. या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग आहे. थोडे थांबावे, शेजारी बसावे, नेमके विचारावे, नीट ऐकावे, आणि ऐकले तेवढेच दुसऱ्याला सांगावे. चांगल्या वार्ताहराची सारी विद्या या पाच गोष्टींत सामावलेली आहे; आणि ती शिकण्यासाठी हातात वही असावीच लागते असे नाही.